मेस्त्रींची फेरी आणि माझे रिकामे कंस

१९८८ च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या इंजिनांच्या कारखान्यात दोन नव्या गोष्टी आल्या. एक कंप्युटर आणि दुसरा मी. खंडेनवमीच्या पूजेत दोघांनाही हळदकुंकू लागलं, दोघांनाही हार घातला गेला. हारातली झेंडूची एक पाकळी कीबोर्डात पडली आणि एंटरचं बटण चार दिवस अडकत राहिलं. पुढच्या सव्वा वर्षात कंप्युटरनं कारखान्याला दिलेला त्रास एवढाच. बाकीचा सगळा मी दिला.

माझं नाव जोतीराम. मंगळवार पेठेतला, शेतकऱ्याच्या घरचा, घराण्यातला पहिला इंजिनिअर, आणि ही माहिती मी तेव्हा भेटेल त्याला पहिल्या दोन मिनिटांत देत असे. मालक हंबीरराव यांनी माझ्यासाठी, म्हणजे कंप्युटरसाठी, काचेची केबिन बांधली आणि तिला एसी बसवला. धूळ नको म्हणून दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढाव्यात. मालक स्वतः चपला काढून आत यायचे. एवढा मोठा माणूस रोज आपल्या दारात चपला काढतोय हे बघून पंचविसाव्या वर्षी माणसाच्या डोक्याचं जे व्हायचं ते माझ्या डोक्याचं झालं. कामगार मला कंप्युटरच म्हणायचे. "कंप्युटर जेवला काय?" असं कुणी विचारलं की मला तो मान वाटायचा.

पण ही गोष्ट माझी नाही, शमशुद्दीन मेस्त्रींची आहे. माझ्याबद्दल एवढं बोललो ते जुन्या सवयीनं.

मेस्त्री आमच्या पॅटर्न शॉपचे प्रमुख. प्रमुख म्हणायचं एवढ्यासाठी की तिथं ते एकटेच होते. इंजिनाचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो ते आधी सागवानात कोरून काढायचे. तो लाकडी नमुना वाळूत दाबला की त्याचा ठसा उठतो आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. एका नमुन्यावरून हजार नग निघतात, पण नमुना स्वतः कधी कुठल्या इंजिनात बसत नाही. १९६२ साली कारखान्याला पत्र्याचं छप्पर होतं आणि भिंती व्हायच्या होत्या, तेव्हापासून मेस्त्री तिथं होते. त्यांचे वडील मंगळवार पेठेतच चौकटी, दारं आणि बैलगाडीची चाकं करायचे. "रंधा बाचा, पटाशी बाची, शिव्या बी बाच्या," मेस्त्री सांगायचे, "हात तेवढा माझा."

त्यांची माझी पहिली भेट मला आठवायची नसते, म्हणून ती रोज आठवते. कामावर येऊन मला आठवडा झाला होता. मी पॅटर्न शॉपमध्ये गेलो, त्यांची पितळी फुटपट्टी उचलली, खिशातली माझी स्टीलची पट्टी तिच्याशेजारी धरली आणि बघितलं तर त्यांची पट्टी लांब. जवळजवळ शंभराला एक इतकी लांब. मी तिथूनच ओरडून शेजारच्या मशीन शॉपला सांगितलं, की मेस्त्री गेली सव्वीस वर्षं चुकीच्या पट्टीनं मोजतायत. मशीन शॉपमधली आठ यंत्रं एकेक करून बंद झाली आणि सगळे दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, माझा शोध ऐकायला आले.

"सायेब," मेस्त्री शांतपणे म्हणाले, "लोखंड गार झालं की आकसतंय. म्हणून आमची पट्टी लांबच असती. तुमच्या पट्टीनं मापलं तर नग बारका निघंल. माझ्या पट्टीचं माप नग गार झाल्यावर खरं हुतंय."

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, असं मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर पंधरा दिवस कारखान्यात कुणीही काहीही मोजायला घेतलं की दुसरा विचारायचा, "कंप्युटरची पट्टी हाय का मेस्त्रींची?"

आता त्यांच्या फेरीबद्दल सांगतो. इंजिनाचा नकाशा मधूनमधून बदलायचा. कुठं भोक मोठं, कुठं जाडी जास्त. नकाशा बदलला की तो ज्यांना ज्यांना लागतो त्या सगळ्यांना कळायला हवं, नाहीतर एक जण नव्या मापानं काम करतो आणि दुसरा जुन्या. हे कळवायचं काम मेस्त्रींनी कधीतरी स्वतःकडं घेतलं होतं. त्यांच्या दारामागं प्लायवूडचा एक तुकडा टांगलेला असायचा आणि त्यावर खडूनं विभागांची नावं. ज्याला कळायला हवं त्यानं येऊन आपलं नाव लिहायचं, ज्याला नको त्यानं पुसायचं. सात नावं होती. सातवं त्यांचं स्वतःचं, पॅटर्न शॉप. बदल झाला की मेस्त्री कानामागं पेन्सिल खोचून निघायचे आणि एकेका नावाला गाठायचे.

आणि इथंच त्यांची ती खोड होती. बदल सांगून झाला की समोरचा म्हणायचा, "व्हय मेस्त्री, कळलं." मेस्त्री हलायचे नाहीत.

"व्हय चालत न्हाय. काय करणार ते बोल."

मग समोरच्याला आपल्या तोंडानं, आपल्या कामाच्या भाषेत सांगावं लागायचं. बयाबाई लाकडी पेटीत वाळू दाबून गाभे करायची, ओतलेल्या नगाच्या पोटातली पोकळी त्या गाभ्यांमुळं राहते. ती म्हणायची, "जुनी पेटी फळीवरनं काढती आन् उलटी ठेवती. नवी येईस्तवर तिला हात लावत न्हाई." ओतकामाचा फोरमन ज्ञानू म्हणायचा, "जुन्या नमुन्यावर आजपासनं वततच न्हाय." मशीन शॉपवाला ड्रिलबद्दल काहीतरी सांगायचा, पॅकिंगवाला खोक्याबद्दल. कुणी काय करायचं हे मेस्त्री कधीच सांगायचे नाहीत. ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण बोलून दाखवल्याशिवाय सुटका नाही. ही पद्धत त्यांच्या वडलांची. त्यांनी एकदा कुणाच्यातरी घराला दार बसवलं, घरमालक प्रत्येक प्रश्नाला व्हय व्हय म्हणत गेला, आणि दार उघडलं ते चुलीवर. तेव्हापासून गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत त्यांनी फळीला करवत लावली नाही.

मी घड्याळ लावून ही फेरी मोजली. एक तास पन्नास मिनिटं. मग मालकांकडं जाऊन सांगितलं, की हे काम कंप्युटर एका मिनिटात करील. मालकांना आनंद झाला. त्यांना त्या कंप्युटरकडून काहीतरी करून हवंच होतं, कारण वर्षभर त्यावर मी फक्त त्यांचं नाव मोठ्या अक्षरात छापून दाखवलं होतं.

त्या वर्षी, म्हणजे १९८९ साली, पुण्याच्या एका मित्रानं मला चार फ्लॉप्या आणून दिल्या. त्यांत सी प्लस प्लस नावाची नवी कोरी भाषा होती. मला तिच्यातलं चार आणे कळलं आणि मी बारा आणे बोलायला लागलो. तिच्यात मी जे बांधायला घेतलं ते असं. नकाशा हा एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला एक साचा. त्याच्याकडं एक यादी, ज्यांना बदल कळायला हवा त्यांची. नकाशा बदलला की तो यादीतल्या प्रत्येकाला हाक मारणार. पुढं कोण काय करतो याची नकाशाला फिकीर नाही. यादीतले सगळे 'विभाग' या एकाच मूळ क्लासची लेकरं. त्या मूळ क्लासमध्ये वचन एकच, बदल कळला की मी काहीतरी करीन. काय करीन ती जागा कोरी. अशा क्लासला ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात, त्याचा स्वतःचा नग काढता येत नाही. मशीन शॉप, बयाबाईचं कोअर शॉप, पॅकिंग अशा लेकरांनी ते वचन वारशानं घ्यायचं आणि आपापल्या पद्धतीनं पुरं करायचं. एखाद्या लेकरानं जागा कोरीच ठेवली, तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्रॅम, तिथंच अडवतो आणि पुढं जाऊ देत नाही.

हे सगळं मी मेस्त्रींना मुद्दाम त्यांच्या शॉपमध्ये जाऊन समजावून सांगितलं. त्यांना दिपवावं एवढाच हेतू होता. त्यांनी रंधा न थांबवता ऐकलं.

"मग ह्यात नवीन काय?" ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. या माणसाला उमजण्यासारखं हे नाहीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दारामागचा प्लायवूडचा तुकडा तेव्हा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता.

सहा विभागांचे क्लास मी आठवड्यात लिहिले. बदल झाला की मशीन शॉपसाठी ड्रिलच्या मापाचा कागद छापून येणार, बयाबाईसाठी पेटीच्या नंबराची चिठ्ठी, ज्ञानूसाठी नव्या ओतकामाची. उरलं पॅटर्न शॉप. नकाशा बदलल्यावर मेस्त्री नेमकं काय काय करतात, हे त्यांनाच विचारणं भाग होतं. मी गेलो.

"बसा सायेब. पयला च्या घ्या. सांगतो सगळं. तासभर लागंल."

"मेस्त्री, दोन ओळींत सांगा."

"दोन ओळीत बसत न्हाई ते."

मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मालकांना प्रोग्रॅम दाखवायचा होता. मी पॅटर्न शॉपचा क्लास नुसत्या नावापुरता लिहिला, कळवल्यावर काय करायचं ती जागा सोडून दिली, आणि कंपायलर चालवला. त्यानं अडवलं. पुन्हा चालवला. पुन्हा अडवलं. तो बरोबरच अडवत होता, पण मला राग आला. मग मी एक हुशारी केली. मूळ क्लासमधल्या कोऱ्या जागेत दोन महिरपी कंस टाकले, एक उघडणारा आणि एक मिटणारा, मध्ये काही नाही. याचा अर्थ असा होतो, की ज्याला स्वतःचं काही करायचं नसेल त्यानं वडलांसारखं काहीच न करणं करावं. कंपायलर गप झाला. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

सकाळी मालक चपला काढून आत आले. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'सातपैकी सात विभागांना कळवले.' प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आले. कागद सहाच होते. ते कुणी मोजले नाहीत, मी तर नाहीच. मालकांनी पेढे मागवले. त्याच दिवशी हुकूम निघाला, की मेस्त्रींनी आता फिरायचं बंद करावं, बदल कंप्युटर कळवेल.

मेस्त्रींनी प्लायवूडवरची नावं पुसली नाहीत. त्यांनी तो तुकडा फक्त उलटा करून टांगला.

डिसेंबरमध्ये पहिला खरा बदल आला. आमच्या इंजिनाच्या सिलिंडर हेडचे कान, म्हणजे जिथं बोल्ट आवळतात त्या बाजूच्या जागा, गिऱ्हाइकांकडं मोडत होते. म्हणून कान जाड करायचे आणि बोल्टचं भोक मोठं करायचं ठरलं. मी बटण दाबलं. सातपैकी सात. बयाबाईच्या चिठ्ठीत पेटीचा नंबर तोच होता, कारण कान बाहेरच्या अंगाला. मशीन शॉपनं मोठं ड्रिल लावलं. ज्ञानूला चिठ्ठी मिळाली, नव्या हेडचं ओतकाम सुरू करावं. त्यानं फळीवरचा नमुना उचलला. चिठ्ठी आलीय म्हणजे मेस्त्रींनी नमुना बदललेलाच असणार, असं त्याला वाटलं आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. नमुना जुनाच होता. बदललेला नकाशा आता मेस्त्रींकडं न जाता माझ्याकडं यायचा, त्यामुळं त्यांना काही कळलंच नव्हतं. बारीक कानांचे चौऱ्याऐंशी हेड ओतले गेले, मशीन शॉपनं त्यांच्यात मोठी भोकं पाडली आणि एकेक कान बिस्किटासारखा तुटत गेला.

शुक्रवारी दुपारी मालक ओतकामाच्या जागेवर आले. तुटक्या हेडांचा ढीग पडला होता. सगळे विभाग भोवती जमले होते.

"मला कागद आला न्हाई," मेस्त्री म्हणाले.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी छापलेला कागद पुढं केला, सातपैकी सात. तेव्हा तरी माझी तशी खात्री होती, हे मी आजही स्वतःला सांगतो.

"मेस्त्री, मशीन कशाला खोटं बोलंल?" मालक म्हणाले. "फेरी बंद केली म्हणून तुमच्या मनात राग हाय, ते मला माहीत हाय. पण म्हणून असं करायचं?"

"सत्तावीस वर्सं काम केलं. लाकूड नासलं असंल, काम न्हाई नासवलं."

"वय झालं तुमचं. आता घरी बसा. मंगळवारी येऊन हत्यारं घेऊन जावा."

बयाबाईनं पदर तोंडाला लावला. मेस्त्री खाली वाकले, एक तुटका कान उचलून त्यांनी अंगठ्यानं त्याची जाडी चाचपली आणि परत ढिगावर ठेवला. मग ते आपल्या शॉपकडं निघून गेले.

संध्याकाळी मी केबिनमध्ये बसून प्रोग्रॅम उघडला. मेस्त्री खोटं बोलतात हे पुराव्यानं सिद्ध करावं, इतक्या खालच्या हेतूनं. तिसऱ्या पानावर ते दोन कंस दिसले. एसी चालू होता आणि मला घाम फुटला. नकाशानं पॅटर्न शॉपला हाक मारली होती. पॅटर्न शॉपनं ओ दिली होती. आणि मी लिहून दिल्याप्रमाणं, वडलांसारखं, काहीच केलं नव्हतं. यंत्रानं हाका मोजल्या, त्या सात भरल्या.

कोल्हापुरात त्या वेळी ते कंस वाचून दाखवील असा माझ्या माहितीत एकही माणूस नव्हता. मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट कुणालाच कळली नसती. शनिवारी मी गप्प बसलो. रविवारीही बसलो. मला नोकरी जायची भीती होती असं मी सांगू शकतो, पण खरं कारण त्याहून हलकं होतं. मालक परत चपला काढून माझ्या दारात यायचे नाहीत, याची मला भीती वाटत होती.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी. सकाळी मी पेठेतल्या पेठेत दोन गल्ल्या ओलांडून मेस्त्रींच्या घरी गेलो. त्यांची बायको हुसेनबी दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला आत बोलावलं आणि चहा ठेवायला गेली, जणू मी कुणीतरी बरा माणूस होतो. मेस्त्री पडवीत एक पेटी करत होते. नवी, सागवानाची, कप्प्यांची. उद्या कारखान्यातून हत्यारं आणायची, ती ठेवायला.

"मेस्त्री, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

मी सांगितलं. त्यांना नीट कळेना, म्हणून त्यांचीच पेन्सिल घेऊन मी पेटीच्या फळीवर ते दोन कंस काढून दाखवले. त्यांनी चष्मा लावून निरखून बघितलं.

"हेच्या पोटात काय हुतं?"

"काही नाही."

"काय बी न्हाई? आन् मशीन गप बसलं?"

"आधी बसत नव्हतं. अडवत होतं. हे कंस घातल्यावर बसलं."

मेस्त्रींनी चष्मा काढला. "म्हंजी मशीन इचारत हुतं. काय करणार ते बोल म्हणून. आन् तू त्येला नुसतं व्हय म्हणून कटवलास."

इतके दिवस मी सायेब होतो, त्या दिवशी पहिल्यांदा तू झालो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हे कवा कळलं तुला?"

"शुक्रवारी."

त्यांनी बोटं मोजली नाहीत, पण मला ती मोजल्यासारखी दिसली. आत कपबशा वाजत होत्या.

"मला माफ करा, मेस्त्री."

"ते मागनं बघू. आता काय करणार ते बोल."

"मालकांना सांगतो."

"कवा?"

"उद्या."

"उद्या कवा?"

"सकाळी. गेल्या गेल्या."

"कुठं? काचंच्या खोलीत?"

ते वाट बघत राहिले. व्हय चालणार नव्हतं.

"हेडांच्या ढिगापाशी," मी म्हणालो. "सगळ्यांपुढं. चूक माझी होती म्हणून सांगतो."

"च्या घे," मेस्त्री म्हणाले आणि फळीवरचे कंस त्यांनी रंध्याच्या एका हातानं उडवून टाकले.

मंगळवारी सकाळी सगळे तिथंच जमले होते, कारण मेस्त्री हत्यारं न्यायला येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते नवी पेटी घेऊन आले. मालक आले. मी ढिगापुढं उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. मूळ क्लास, लेकरं, वचन, कोरी जागा, कंस. मी जे सांगत होतो ते कुणालाही कळत नव्हतं, हे मला बोलता बोलता दिसत होतं. ज्ञानूनं जांभई दिली.

मालकांनी कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"असं असं. म्हणजे मशीन चुकलं म्हण की. मग तुझा काय दोष, आणि मेस्त्रींचा बी काय दोष?"

खरं सांगतो, इतकं सोयीचं वाक्य मला आयुष्यात पुन्हा कुणी देऊ केलं नाही. मेस्त्रींची नोकरी वाचत होती. माझी वाचत होती. मालकांनाही शुक्रवारचं बोलणं मागं घ्यायला जागा मिळत होती. फक्त व्हय म्हणायचं होतं. मी मेस्त्रींकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. पेटीची कडी घट्ट बसलीय का ते बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "मशीन बरोबर होतं. ते मला विचारत होतं, मेस्त्री काय करणार ते लिही म्हणून. ते विचारायला मला मेस्त्रींपाशी तासभर बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मशीनला गप केलं. मेस्त्रींना कागद गेलाच नव्हता, ते खरं बोलत होते. आणि हे मला शुक्रवारीच संध्याकाळी कळलं होतं."

हे मात्र सगळ्यांना कळलं. जांभई देणारा ज्ञानू ताठ उभा राहिला. आपण शुक्रवारी काय बोललो ते मालकांना आठवत असणार. ते माझ्याकडं वळलेच नाहीत.

"मेस्त्री," ते म्हणाले आणि घसा खाकरला, "हत्यारं ऱ्हाऊ द्यात."

"ऱ्हाऊ द्या की," मेस्त्री म्हणाले. "पेटी नवी केलीया. हितंच ठेवतो."

माझा निकाल दुपारी लागला. केबिनला एक महिना कुलूप. आणि ते चौऱ्याऐंशी हेड परत भट्टीत टाकायचे तर घणानं फोडावे लागणार होते, ते काम माझ्याकडं. मी दोन दिवस घण घातला. माझे बहुतेक घाव हेड सोडून जमिनीवर पडत होते. येता जाता बयाबाई थांबून बघायची आणि म्हणायची, "कंप्युटरला घाम येतोय की ग बया." दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले आणि घाव हेडवर पडायला लागले.

प्लायवूडचा तुकडा सुलटा झाला आणि मेस्त्रींची फेरी पुन्हा सुरू झाली. महिनाभर त्यांच्या मागून मी फिरलो. कोण काय करतो ते ऐकत, वहीत लिहीत. मेस्त्री कुणालाही काय करायचं सांगत नाहीत आणि कुणालाही गप्प बसू देत नाहीत, हे मी दुसऱ्याच फेरीत ओळखलं. माझ्या चार फ्लॉप्यांमधलं जे बारा आणे मला कळलं नव्हतं ते तिथं चहाबरोबर कळलं. महिन्यानं केबिन उघडली, तेव्हा मी आधी पॅटर्न शॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसलो.

"मेस्त्री, नकाशा बदलला की तुम्ही काय करता?"

तासभर नाही, पावणेदोन तास लागले. एकूण अकरा गोष्टी निघाल्या. पहिली, जुन्या नमुन्यावर तांबडी रेघ मारून तो फळीवरून उतरवायचा. अकरावी, नवा नमुना ज्ञानूच्या हातात स्वतः द्यायचा, मधल्या कुणाकडं द्यायचा नाही. मी अकराच्या अकरा लिहून घेतल्या, त्यांना वाचून दाखवल्या आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

मग मेस्त्री पहिल्यांदा केबिनमध्ये आले. दारात चपला काढल्या, थंडीनं अंग चोरलं आणि माझ्या पाठीमागं उभे राहिले. मी मूळ क्लासमधले ते दोन कंस पुसले. पॅटर्न शॉपच्या क्लासमध्ये मेस्त्रींच्या अकरा गोष्टी घातल्या. कंपायलर चालवला. पडद्यावर काहीच आलं नाही, नुसता ठिपका लुकलुकत राहिला.

"काय म्हणतंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. गप आहे."

त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग वहीतल्या अकरा ओळींकडं.

"आता बसू दे गप," ते म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.